जुन्या शिडाच्या बोटीची रब रेल बदलताना

माझी बोट फायबरग्लासची, सुमारे आठ मीटर लांबीची आणि वयाने चांगलीच प्रौढ आहे. नाळेपासून (पुढच्या टोकापासून) ट्रान्समपर्यंत (मागच्या सपाट भिंतीपर्यंत) तिच्या दोन्ही कडांना बसवलेली विनाइलची रब रेल, म्हणजे धक्क्याला घासताना बोटीची कड वाचवणारी पट्टी, गेल्या काही हंगामांत टणक होऊन तडकली होती, तिच्या खाचेत बसवलेली काळी मऊ पट्टी जागोजागी बाहेर लोंबू लागली होती आणि ट्रान्समजवळ ती एवढी आखडली होती की टोकाच्या टोपीतून निसटून मागची खाच उघडी पडली होती. ती बदलायचे ठरवले तेव्हा हे काम निव्वळ दिसण्याचे, रंगरंगोटीच्या जातीचे आहे, असे मला अनेकांनी सांगितले. माझे मत तसे नाही. पुष्कळ बोटींत हल (बोटीचे खालचे धड) आणि डेक (वरचा पृष्ठभाग) यांचा सांधा याच पट्टीखाली दडलेला असतो आणि तो पूर्ण लांबीत उघडा पडण्याचा प्रसंग बोटीच्या आयुष्यात फार तर एक-दोनदा येतो. म्हणून या कामात जुनी पट्टी निघाल्यानंतरचा आणि नवी लागण्यापूर्वीचा काळ मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, आणि हा लेखही मुख्यतः त्याच काळाविषयी आहे.

फायबरग्लासच्या बोटीत हल एका साच्यात आणि डेक दुसऱ्या साच्यात घडवून मग दोहोंच्या कडा जोडतात. हे जोडणे साधारणपणे तीन रीतींनी होते. एकीत हलची वरची कड आत वळवलेली असते आणि तिच्यावर डेक बसतो. दुसरीत दोन्ही कडा बाहेर काढून एकमेकींवर ठेवलेल्या असतात. तिसरीत डेकची कड डब्याच्या झाकणासारखी हलच्या कडेवरून खाली उतरते. पहिल्या रीतीत सांध्यावर बहुधा टो रेल (डेकच्या काठावर पाय अडवणारी उभी पट्टी) असते आणि रब रेल तिच्या खाली स्वतंत्रपणे लावलेली असू शकते. उरलेल्या दोन्ही रीतींत मात्र रब रेल थेट सांध्यावरच बसते. माझी बोट तिसऱ्या प्रकारातली आहे, त्यामुळे पुढचे विवेचन प्रामुख्याने तिच्यासारख्या बोटींना लागू पडेल.

जुनी रेल उतरवण्याआधी तिचे स्क्रू नेमके काय धरून आहेत, हे ठरवावे लागते. काही बोटींत सांध्याचे बोल्ट किंवा रिव्हेट वेगळे असतात आणि रेलचे स्क्रू फक्त पट्टीपुरते असतात. काहींत मात्र तेच स्क्रू डेकलाही हलशी बांधून ठेवतात. आतल्या लॉकरमध्ये शिरून टॉर्चच्या उजेडात कडेने पाहत गेल्यास हा फरक सहज कळतो, कारण सांध्याच्या बोल्टांना नट आणि वॉशर असतात, तर स्क्रूंची नुसती टोके बाहेर आलेली दिसतात. स्क्रूच सांधा धरून असतील तर ते सगळे एकदम काढू नयेत. थोड्या लांबीचे काम पुरे करून मग पुढे सरकावे आणि शक्य असल्यास डोलकाठीच्या ताणतारा त्या काळात सैल ठेवाव्यात. स्क्रू जाम झालेले असतातच. प्रत्येकावर आधी इम्पॅक्ट ड्रायव्हरचा एक ठोका द्यावा, त्याने न हलल्यास सोल्डरिंग आयर्नचे टोक डोक्यावर टेकवून तो तापवावा, आणि तरीही दाद न दिल्यास ड्रिलने डोके उडवून उरलेला दांडा पकडीने पिळून काढावा. बोट पाण्यात असताना हे काम करणार असाल तर हातातून सुटलेला प्रत्येक स्क्रू कायमचा गेला असे समजा. ३१६ दर्जाचे स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, त्यामुळे दोरीला लोहचुंबक बांधून तळ चाचपण्याचा उपाय इथे निरुपयोगी ठरतो. बोट जमिनीवर घेऊनच हे काम करावे, असा माझा आग्रह आहे.

जुन्या पट्टीचा एक चांगला, न वाकलेला तुकडा कापून जपून ठेवावा. नवी पट्टी निवडताना त्याच्या आडव्या छेदाची उंची, जाडी, मागच्या बाजूचा आकार आणि आतल्या खाचेची रुंदी ही सगळी मापे लागतात. जुन्या बोटींवरचे छेद पुष्कळदा आता कोणी तयार करत नाही, तेव्हा तंतोतंत तोच छेद मिळेल ही अपेक्षा सोडून द्यावी आणि नवी पट्टी उंचीने जुनीपेक्षा कमी भरणार नाही एवढी एक अट मात्र सोडू नये. उंची कमी पडली की डेकची खालची कड, जुनी भोके आणि ऊन न लागल्यामुळे मूळ रंगाचा राहिलेला जेलकोटचा (फायबरग्लासवरच्या रंगीत बाह्य थराचा) पट्टा या तिन्ही गोष्टी बाहेर दिसू लागतात. साच्यातून निघालेली डेकची कड कारखान्यात फारशी सरळ कापलेली नसते. रेलखाली झाकली जाणार म्हणून ती तशीच सोडलेली असते, हे पट्टी काढल्यावर ध्यानात येते आणि थोडी गंमतही वाटते.

पट्टी निघाली की सांध्याची परीक्षा करावी. गंजाचे ओघळ दिसतील तिथे आतले रिव्हेट किंवा स्क्रू खराब झाले आहेत असे समजावे. ॲल्युमिनियमचे रिव्हेट खाऱ्या पाण्याने पांढऱ्या भुकटीत बदललेले असतात आणि टोचणीच्या टोकाने सहज उकरले जातात. स्टेनलेसचा दोष अधिक कपटी असतो. स्टेनलेसवरचा संरक्षक थर क्रोमियमच्या ऑक्साइडचा असतो आणि तो टिकण्यासाठी प्राणवायू लागतो. ओल्या, हवाबंद फटीत अडकलेल्या स्क्रूला तो मिळत नाही, म्हणून डोके चकचकीत असले तरी मधला दांडा सुईसारखा बारीक झालेला निघतो. याच कारणाने जुने स्क्रू कितीही चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नयेत. नवे घेताना ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचे घ्यावेत, कारण त्यातल्या दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनममुळे क्षारांपुढे ते अधिक टिकतात.

सांध्यातले मूळ सीलंट (फट बंद करणारा चिकट पदार्थ) बहुतेक जुन्या बोटींत कडक होऊन एका बाजूने सुटलेले असते. पातळ पाते फटीत सरकवत कडेने चालत गेले की ते कुठे घट्ट आहे आणि कुठे पाते विनासायास आत जाते, हे समजते. तरीही पाते आत गेले म्हणजे तिथूनच पाणी गळते असे नाही, आणि आत जिथे पाणी टपकते तिथे वरचा दोष असेल असेही नाही. शिडाच्या बोटीची वरची कड नाळेकडून उतरत मध्याच्या थोडे मागे सर्वांत खाली येते आणि मग पुन्हा वर चढते. नाळेजवळ आत शिरलेले पाणी सांध्याच्या पन्हळीतून वाहत या सखल भागाशी येऊन तिथे टपकते, आणि मालक वर्षानुवर्षे त्या जागेच्या वरचीच खिडकी पुन्हा पुन्हा सील करत राहतो.

गळतीची खरी जागा शोधण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला साध्या पाण्याच्या नळीचा. एकाने बाहेरून खालून वर आणि मागून पुढे असे अगदी सावकाश पाणी सोडत जायचे आणि दुसऱ्याने आत बसून पाहायचे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळते आणि काहीच कळत नाही. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. बोटीचे वारे येण्याचे सगळे मार्ग टेपने बंद करावेत, एका हॅचवर फळी बसवून तिच्यातल्या भोकातून पाने उडवण्याच्या ब्लोअरची हवा आत सोडावी आणि बाहेरून सांध्यावर साबणाचे पाणी ब्रशने लावत जावे. जिथून हवा बाहेर येते तिथे बुडबुडे उठतात. दाब अगदी बेताचा ठेवायचा असतो, कारण खिडक्यांची जुनी काच बाहेर ढकलली जाऊ नये. ही चाचणी कोरड्या दिवशी होते, आतले सामान भिजत नाही, आणि बुडबुड्यांच्या जागेवर लगेच पेन्सिलने खूण करता येते. सांध्याची दुरुस्ती झाल्यावर, नवी पट्टी लावण्याआधी, हीच चाचणी पुन्हा घ्यावी.

सांधा दुरुस्त करताना आधी जुने सीलंट जितके निघेल तितके काढावे. हॅकसॉचे तुटके पाते टोकाला वाकवून त्याचा आकडा केला तर फटीतले सीलंट ओढून काढण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे हत्यार दुसरे नाही. मग ॲसिटोनने पुसून, फट पूर्ण कोरडी झाल्याची खात्री करून तिच्यात पॉलियुरेथेन सीलंट खोलवर दाबून भरावे आणि बोल्ट घट्ट करावेत. जिथे आतून हात पोचतो तिथे खराब रिव्हेटच्या जागी मोठ्या वॉशरसह आरपार बोल्ट घालावेत. जिथे पोचत नाही तिथे एक माप मोठा रिव्हेट वापरावा, पण तो ॲल्युमिनियमचा नसावा. थ्रीएम ५२०० सारखे कायमस्वरूपी चिकटणारे पॉलियुरेथेन इथे योग्य ठरते, कारण हा सांधा पुन्हा उघडण्याची इच्छा कोणालाच नसते. ते हवेतल्या ओलाव्याने पिकते आणि पूर्ण पक्व व्हायला जवळपास आठवडा घेते. एवढा वेळ त्याला द्यावा.

हेच सीलंट पट्टीच्या मागे लावण्याचा मोह मात्र आवरावा. रब रेल ही झिजून बदलण्यासाठीच असते, आणि पुढच्या वेळी जेलकोटचे कपचे उडवल्याशिवाय ती निघाली पाहिजे. पॉलिसल्फाइड सीलंट डेकवरच्या धातूच्या सामानासाठी उत्तम असले तरी विनाइलसह अनेक प्लास्टिकांना ते कडक करते, म्हणून ते इथे बाद होते. सिलिकोनचा माग पुसून जात नाही आणि त्या जागेवर नंतर रंग किंवा दुसरे सीलंट धरत नाही, म्हणून मी ते बोटीच्या बाहेरच्या अंगाला लावतच नाही. स्क्रूंसाठी माझी पसंती ब्यूटिल टेपला, म्हणजे रबरासारख्या मऊ, चिकट पट्टीला, आहे. ती कधीच कडक होत नाही, स्क्रूच्या दांड्याभोवती गुंडाळता येते आणि दाबाखाली सावकाश पसरत भोक भरून काढते. तिची एकच अडचण म्हणजे ती अनेक दिवस हळूहळू पसरत राहते, त्यामुळे स्क्रू पुन्हा एकदा-दोनदा आवळावे लागतात. रेलच्या खाचेत आतली पट्टी एकदा बसली की स्क्रूंची डोकी झाकली जातात. तेव्हा हे आवळणे संपेपर्यंत आतली पट्टी बसवू नये. घाई असलेल्या माणसाने या टप्प्यावर शिडे दुरुस्त करायला घ्यावीत.

पट्टीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांवर सीलंटची रेघ ओढण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. मी फक्त वरच्या कडेला ओढली आणि खालची मुद्दाम मोकळी ठेवली. विनाइल ऊन-थंडीने सतत हलत असते, वरची रेघ कधीतरी कुठेतरी सुटणारच, आणि तेव्हा आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसली तर ते स्क्रूंभोवती साचून वर सांगितलेला दोष पुन्हा सुरू करते.

जुन्या भोकांचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा असतो, कारण नव्या पट्टीतली भोके त्यांच्यासमोर क्वचितच येतात आणि आलीच तरी अर्धवट येतात. अर्धवट जुळणारे भोक सर्वांत वाईट, कारण ड्रिल जुन्या भोकात घसरते आणि स्क्रू तिरका जातो. म्हणून सगळी जुनी भोके काउंटरसिंकने (भोकाचे तोंड शंकूसारखे रुंद करणाऱ्या पात्याने) थोडी रुंद करून, आतली धूळ आणि तेलकटपणा साफ करून, कोलॉइडल सिलिका घालून लोण्याइतपत घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरून टाकावीत. आधी पातळ इपॉक्सी भोकाच्या भिंतींना लावून मग घट्ट इपॉक्सी सिरिंजने तळापासून भरत आणावे, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. पिकल्यावर पृष्ठभाग घासून सपाट करावा, आणि पट्टी लागण्याआधी आजूबाजूचा जेलकोट पॉलिश करून घ्यावा, कारण नंतर पट्टीच्या कडेशी पॉलिशिंगचे चाक फिरवणे फार त्रासाचे होते.

नवी भोके पाडताना जेलकोटची काळजी घ्यावी. तो थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जाडीचा, कडक आणि ठिसूळ असतो. स्क्रूचा आटा त्याच्यात रुतला की भोकाभोवती ताऱ्यासारख्या भेगा पडतात. जागेवर मास्किंग टेप लावून, ड्रिल पहिल्यांदा उलटे फिरवून जेलकोट खरवडावा, मग सरळ फिरवून भोक पूर्ण करावे आणि शेवटी काउंटरसिंकचा हलका हात द्यावा, म्हणजे आटा थेट फायबरग्लासमध्येच धरतो आणि त्या खळग्यात ब्यूटिलही नीट बसते. ४.२ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूसाठी मी सुमारे ३.५ मिलिमीटरचे भोक पाडले. त्याहून लहान भोकात कडक फायबरग्लासमध्ये स्क्रू पिळताना डोके तुटण्याची शक्यता वाढते. दोन स्क्रूंमधले अंतर १५ ते २० सेंटिमीटर ठेवले तर पट्टी मध्ये फुगत नाही. ड्रिलच्या पात्यावर टेपची खूण करून खोली मर्यादित ठेवावी आणि प्रत्येक ठिकाणी आत काय आहे ते आधी पाहून घ्यावे, कारण नाळेच्या दिव्यांच्या तारा पुष्कळदा याच कोपऱ्यातून गेलेल्या असतात.

पदार्थांच्या निवडीविषयी थोडक्यात सांगतो. सागवानी पट्टी सुंदर दिसते, पण तिला सांधे आणि वाफेवर वाकवणे लागते आणि देखभाल कायमची मागे लागते. ॲल्युमिनियमचा पाया (रेलचा स्क्रूने बोटीला बसणारा भाग) मजबूत असतो, मात्र तो नाळेच्या वळणाशी घरी वाकवणे कठीण जाते आणि स्टेनलेसच्या स्क्रूंशी तो खाऱ्या पाण्यात विद्युत-रासायनिक झीज ओढवून घेतो. तो वापरणाऱ्याने प्रत्येक स्क्रूला टेफ-जेलसारखे विलग करणारे लेपन लावलेच पाहिजे. माझ्या बोटीसाठी मी पुन्हा विनाइलच घेतले: बाहेरचा पाया अर्धकडक आणि खाचेत बसणारी मऊ पट्टी वेगळी.

विनाइलचा पाया गुंडाळी होऊन येतो आणि थंड असताना हट्टी असतो. तो आदल्या दिवशीच उलगडून उन्हात सरळ पसरून ठेवावा. सुरुवात नाळेकडून करून दोन्ही बाजू स्वतंत्र तुकड्यांत मागे आणल्या की जोड नाळेच्या धातूच्या टोपीखाली झाकला जातो. पट्टीचे लांब टोक हवेत लोंबत ठेवल्यास तिच्या वजनाने स्क्रूंच्या ओळीला कळत नकळत उतार येतो. म्हणून डेकच्या कठड्याच्या खांबांना दोरीचे फास बांधून ती त्यांत टांगावी, आणि सोबत एक माणूस घ्यावाच. कडेची रेषा डोळ्याला गोड दिसली पाहिजे, आणि ती जवळून कधीच कळत नाही. आधी मोजके स्क्रू लावून, बोटीपासून दूर जाऊन नाळेकडून आणि मागून पाहावे, जिथे लाट दिसेल तिथे पट्टी वर-खाली सरकवावी आणि मगच बाकीची भोके पाडावीत. इथे मोजपट्टीपेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवावा.

तापमानाचा हिशेबही ध्यानात घ्यावा लागतो. कडक पीव्हीसी दर अंशाला प्रतिमीटर सुमारे ०.०६ ते ०.०८ मिलिमीटर प्रसरण पावते. आठ मीटर लांबीत वीस अंशांचा फरक पडला तर हे प्रसरण एक सेंटिमीटर किंवा त्याहून थोडे अधिक भरते, आणि त्याखालचा फायबरग्लास त्या मानाने बराच कमी प्रसरण पावतो. म्हणून पायातली भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी ठेवावीत, स्क्रू पट्टी दाबून खळगा पडेल इतके आवळू नयेत आणि भर दुपारच्या उन्हात अंतिम लांबी कापू नये. पॉवर ड्रिलचा क्लच सर्वांत हलक्या खुणेवर ठेवून शेवटचा फेरा हातानेच द्यावा. ट्रान्समच्या कोपऱ्यात पट्टी वळवायची असल्यास तिच्या मागच्या बाजूने इंग्रजी व्ही आकाराचे छोटे काप घ्यावेत आणि हीट गन सतत हलती ठेवून हळूहळू वाकवावे. एका जागी गन थांबली की विनाइलला चमक येऊन ते करपते.

मऊ पट्टी खाचेत बसवणे दिसायला सोपे आणि फसवे असते. साबणाच्या कोमट पाण्यात ती भिजवून, एक कड खाचेत अडकवून, दुसरी कड बोथट लाकडी पाचरीने आत लोटत जावे. या वेळी हात आपोआप पट्टी पुढे ओढू लागतो आणि काम भराभर होते आहे असे वाटते. ओढलेले विनाइल काही दिवसांत पुन्हा आखडते आणि माझ्या जुन्या पट्टीसारखी टोकाशी खाच उघडी पडते. त्यामुळे दर हातभर लांबीनंतर थांबून पट्टी उलट दिशेने मागे दाबावी, म्हणजे ती खाचेत जराशी कोंबलेली राहील. टोकाशी दोन-तीन सेंटिमीटर जास्तीची लांबी ठेवून कडक उन्हाचे काही दिवस जाऊ द्यावेत आणि मगच ती कापावी. उरलेला तुकडा, त्याच छेदाचा, लॉकरमध्ये सैल गुंडाळून ठेवावा. धक्क्याच्या खांबाला घासून मधलाच भाग फाटला तर तेवढाच बदलता येतो.

शेवटच्या टोप्या ट्रान्समपाशी बसतात. प्रत्येकीला दोन स्क्रू लागतात, त्यांतला आतला स्क्रू मऊ पट्टीच्या टोकातून आरपार गेला पाहिजे, म्हणजे ती पुन्हा आत सरकत नाही. टोपीच्या वरच्या कडेला सीलंट लावावे आणि खालची कड पट्टीच्या खालच्या कडेप्रमाणेच मोकळी सोडावी.